केळीच्या मळ्यातला खून

रविवार, असोदा

मित्रांची शॉर्ट फिल्म आज जळगावला दाखवली. शूटिंगला आबांचा मळा मीच मिळवून दिला होता, ‘केळीच्या शेतीवर फिल्म आहे’ असं सांगून. खुनाची गोष्ट म्हटल्यावर ते नाहीच म्हणाले असते. एवढी पदवी घेऊन मी बापाशीच खोटं बोलले.

पडद्यावर मुलगी आमच्या केळीतून पळत होती, मागे कोणीतरी वाळली पानं तुडवत येत होतं. मी मात्र शेजारी बसलेल्या आबांच्या हाताकडे बघत होते. खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. आता उठून जातील? मुलगी पडली, तरी तो हात सुटेना.

बाहेर आल्यावर मी सगळं कबूल केलं.

आबा म्हणाले, “त्या पोरांनी मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू कधी सांगते, तेच पाहत होतो.”

घरी येईपर्यंत मोटारसायकलवर मी त्यांच्या मागे खांदा घट्ट धरून बसले.