सात नावांचं गाऱ्हाणं

सबाह अल-सालेम, कुवेत
१५ सप्टेंबर २०२४

ती. अरुणमामांस,
मैथिलीचे शि.सा.न.वि.वि.

बँकेत बसून माझा गळा गंजेल म्हणाला होतात ना? आता ऐका! वॉरेन हेलमर नावाचे अमेरिकन संगीतकार इथे आलेत. खाणकामगाराचा मुलगा, वय एकाहत्तर. कष्टकऱ्यांच्या बोलण्यातले सूर उचलून ते वाद्यवृंदाच्या हाती द्यायचे, ही त्यांची रीत. मराठी मंडळाने मला दुभाषी म्हणून दिलं.

गणपतीत त्यांना महबुला या कामगारवस्तीत तुमच्या विद्यार्थ्याच्या, रूपेश सुतारच्या, खोलीवर नेलं. तिथे सात कोकणी कारागीर राहतात. रूपेशने रीतीप्रमाणे सगळ्यांची नावं-गावं घेऊन गाऱ्हाणं घातलं. त्यांच्यातल्या, जुलैत वारलेल्या सखारामचंही नाव घेतलं. बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. हेलमर चक्क रडले. डिसेंबरात इथे चाळीस गायक ते गाऱ्हाणं गाणार, जगभर थेट दिसणार! मजकूर नि माझं भाषांतर सोबत आहे. मामींना नमस्कार. कौतुक लवकर कळवावं.

तुमची
मैथिली


कुडाळ
२६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मैथिलीस,
अ.उ.आ.

पत्र वाचून मामीला पेढे आणायला लावले. मग गाऱ्हाणं वाचलं आणि पेढा हातातच राहिला.

अगं, शब्दन्‌शब्द भाषांतर केलंस आणि ऐकलंच नाहीस? रूपेश देवाला सांगतोय, उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर कामाला बंदी, तरी मुकादमाने सखारामला परांचीवर चढवलं. तो भोवळ येऊन पडला, आणि कागदावर हृदयविकार लिहिला गेला. ही सात साक्षीदारांची साक्ष आहे, नावागावासकट! देवापुढे नाव घेतात ते त्याने राखण करावी म्हणून. तेच नाव कंपनीच्या कानी गेलं तर ती काय करील?

हेलमरचं आत्मचरित्र मिळवून वाचलं. माणूस मोठा आहे, नाकारत नाही. तरुणपणी गिरणीतल्या अकरा बायकांची कैफियत त्याने अशीच नावांसकट गाऊन घेतली. त्याला पारितोषिक मिळालं, बायकांना कामावरून काढलं. पारितोषिकाला नऊ पानं, त्या बायकांना दीड ओळ. दीड! दुसऱ्याचं दुःख उचलणाऱ्याने आधी त्या माणसाला विचारलं पाहिजे. कला म्हटल्याने कोणी यातून सुटत नाही.

नावं काढायला लाव. उद्या नाही, आज. रागावलो म्हणून माया आटली असं समजू नकोस.

अरुणमामा


सबाह अल-सालेम
१० नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
शि.सा.न.वि.वि.

हेलमर म्हणाले, नावं ही या रचनेची हाडं आहेत. वर सातही जणांचं संमतिपत्र पुढे केलं. मामा, ‘मजकूर समजावून सांगितला’ याखाली माझी सही आहे. मी काही समजावलं नव्हतं. आरतीची घाई होती. फोटोची परवानगी आहे, करा सह्या, एवढंच म्हटलं.

गेल्या आठवड्यात तालमीची चित्रफीत बाहेर आली. तेव्हापासून मुकादम रोज खोलीवर येतो, पलंग मोजतो आणि जातो. रूपेश रागावला नाही, हेच जास्त लागलं. म्हणाला, सखारामासाठी माझं नाव मी दिलंच असतं, पण बाकी सहा जणांना तुम्ही विचारायला हवं होतं. घरी धैर्यशील म्हणतात, गप्प राहा, नाहीतर आपलाही इकामा, इथे राहायचा परवाना, जाईल नि आपल्या वेदांतची शाळा सुटेल.

काय करू? उत्तर कितीही कडू असलं तरी पाठवा.

मैथिली


कुडाळ
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मैथिलीस,
अ.उ.आ.

नवऱ्याची भीती खोटी नाही. पण तुझी सही खोटी आहे. तसं लेखी दे. आधी सही मागे घे, मग आशीर्वाद माग.

अरुणमामा


सबाह अल-सालेम
१३ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि.सा.न.वि.वि.

लेखी दिलं, पण दोन आठवडे घाबरून घालवल्यावर. हेलमरनी लगेच नावं काढली. त्याच्या आदल्या दिवशीच खोली रिकामी झाली होती. इमारतीचा राखणदार म्हणाला, पहाटे बस आली, विमानतळावर गेली की दुसऱ्या कॅम्पवर, ठाऊक नाही. सातही फोन बंद आहेत. मी वकिलातीत अर्ज दिलाय.

काल कार्यक्रम झाला. नावांच्या जागी आता चार-चार सेकंदांची शांतता आहे. हेलमरनी माझा हात धरून आभार मानले, नावांपेक्षा हे कितीतरी परिणामकारक झालं म्हणाले. सभागृह उभं राहिलं. मला उठवेना.

सकाळी रूपेशच्या आईचा फोन आला. खोली रिकामी झाल्याचं त्यांना अजून ठाऊक नाही. काल वाडीतले सगळे मोबाईलभोवती बसले होते म्हणे. शेवटपर्यंत ऐकलं, पण त्याचं नाव कुठे आलं ते कळलं नाही, असं म्हणत होत्या.

मी म्हटलं, तुमच्याकडे रेंज नसेल.

तुमची म्हणवून घ्यायला संकोचणारी,
मैथिली