उसनं न दिलेलं नाव

मी, बाल्दोमेरो इरिगोयती, वय एकाहत्तर, धंदा केशकर्तन, राहणार पासो देल साउसे, उरुग्वाय, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर माझ्या मनाने ही निरवानिरव लिहून ठेवतो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं ठिकाणावर आहे. चार वर्षांपूर्वी गरज होती तेव्हा ते नव्हतं, हे सारं गाव जाणतं.

कलम १. माझे वस्तरे समाजवाद्यांचे पुढारी आर्किमेदेस बेंतांकोर यांना. रागाने ते समोरच्या दुकानात दाढी करवतात आणि गाल कापून घेतात. यापुढे घरीच करावी. दुकानातली खुर्ची कम्युनिस्टांचे ओलिंतो फागुंदेस यांना. उभ्याने त्यांचं भाषण फार लांबतं.

कलम २. माझी खरी मालमत्ता म्हणजे एक नाव, माझ्या पक्षाचं. मी स्वतंत्र श्रमिक पक्षाचा अध्यक्ष. आम्ही सगळे मिळून एका बाकावर मावतो, पण नाव जुनं आणि नोंदलेलं आहे. आमच्या कायद्यात दोन याद्यांच्या मतांची बेरीज व्हायची तर दोन्हींच्या डोक्यावर असं एकच जुनं पक्षाचं नाव लागतं, नव्या आघाडीला ती सवलत नाही. म्हणून सहासष्टच्या निवडणुकीआधी हे दोघे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, जोडीने माझ्या दुकानात आले.

"बाल्दोमेरो, नाव तेवढं उसनं दे," ओलिंतो म्हणाला. "याद्या आमच्या दोन, पण दोन्हींवर पहिली नेलिदा. बेरीज झाली की जिल्हा मंडळात एक जागा आपली."

नेलिदा माझी धाकटी बहीण. नदीकाठच्या वस्तीत राहायची, शिवणकाम करायची.

मी म्हणालो, "नाव माझं, तर यादीत पहिला मीच."

"तुला मत कोण देणार रे?" आर्किमेदेस म्हणाला.

खरं होतं, म्हणून झोंबलं. मी नाव दिलं नाही. दोघे वेगवेगळे लढले आणि दोघांचीही जागा थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी नदीकाठची वस्ती उठवायचा ठराव मंडळात एका मताच्या फरकाने मंजूर झाला. नेलिदा तिथे असती तर तो पडला असता. माणसं, चुली, कोंबड्या, सगळं ट्रकमध्ये घालून स्मशानापलीकडच्या माळावर नेऊन टाकलं.

नेलिदा तिथून दर रविवारी चालत येते आणि माझ्यासाठी सूप आणते. "गरम आहे तोवर खा, दादा," एवढंच बोलते. तिने एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या हातचा घास मला गिळवत नाही, तरी गिळतो.

कलम ३. हे नाव आता डाव्यांच्या एकीला, बिनशर्त. पण मृत्युपत्र मेल्यावर उघडतं आणि मी आहे चिवट. पुढच्या निवडणुकीच्या नोंदणीची मुदत टळल्यावर मेलो तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून संमतिपत्रावर आजच सही करून ते दोघांच्या हाती दिलं आहे. कुठल्याही यादीला माझं स्वतःचं नाव देऊ नये. रस्त्याला तर नाहीच.

कलम ४. ~~राहतं घर माझी बहीण नेलिदा हिला.~~ ही खाडाखोड माझ्याच हातची आहे. आज सूप वाढता वाढता तिने हे वाचलं.

"मला एकटीला?" ती म्हणाली. "दादा, तू परत यादीच करायला बसलास. तेव्हा वर तुझं नाव होतं, आता माझं. बाकीच्यांनी कुठे जायचं?"

मी ओळ खोडली. मग ती पहिल्यांदाच टेकली आणि माझ्याबरोबर माते, आमचा तो कडू पानांचा चहा, प्यायली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

सबब घर माळावर टाकलेल्या सर्व कुटुंबांना, सामाईक. किल्ली कोणाकडे राहील ते त्यांनी मत घेऊन ठरवावं. मी कोणाचंही नाव सुचवत नाही.

साक्षीदारांत पहिली सही कोणाची यावरून ओलिंतो आणि आर्किमेदेस यांची आत्ताच जुंपली. नेलिदा म्हणाली, "ज्याला आधी वर जायचंय त्याने आधी करावी." तेव्हापासून दोघे पेन एकमेकांकडे सरकवत राहिले. शेवटी दोन पेनं आणवली.

लिहून ठेवणार: बाल्दोमेरो इरिगोयती

साक्षीदार, दोघे एकदम: ओलिंतो फागुंदेस, आर्किमेदेस बेंतांकोर

पासो देल साउसे, रविवार, ९ ऑगस्ट १९७०