कपाटासमोर नोंदवलेला आवाज

मंगळवार, १७ जून

दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा उजळतो — आणि तरीही संगणक सुरू होत नाही! असे का?

काळ्या पडद्यावर एकच ओळ येते: सुरू करण्याजोगी प्रणाली सापडली नाही. यंत्र मेलेले नाही. मुळात ते दर वेळी कोऱ्या डोक्यानेच जागे होते. आतली एक चिमुकली चिप त्याला एवढेच सांगते की बाकीचे शहाणपण अमुक तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, ठेवले आहे, तिथून उचल. आज ते तिथे गेले आणि पहिलेच पान फाटलेले निघाले. मागची पाने शाबूत असू शकतात.

असायलाच हवीत. हिचा आवाज तिथे आहे. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढले, त्याआधी आम्ही तो वाक्यावाक्याने नोंदवून ठेवला — ‘पाणी द्या’, ‘दुखतंय’, ‘दारात कोण आहे?’, ‘अहो, इकडे या’. ही वाक्ये बोलक्या यंत्रात भरायची. हिने बटण दाबायचे आणि हिच्याच आवाजात ती उमटायची. प्रत काढलेली नाही. निवड पुरी झाली की काढू, असे मीच ठरवले होते.

हिने पाटीवर लिहिले: ‘मास्तर, तुमच्या लाडक्याला काय झालं?’

म्हटले, ‘थोडी कणकण आहे.’

बुधवार, १८ जून

दुरुस्तीवाला येऊन गेला. ‘मशीनबरोबर डिस्क आल्या असतील ना, काका?’ नाही आल्या. हल्ली देतच नाहीत. ‘मग माझ्याकडची टाकतो. जेवायला बसायच्या आत चालू!’

मी त्याला नीट समजावून सांगितले. डिस्क घालून प्रणाली बसवायची म्हणजे त्याच तबकडीवर नवे लिहायचे. नवे लिहिताना जुने दडपले जाते. म्हणून आधी जुने बाहेर काढायचे, मगच नवे आत. क्रम महत्त्वाचा!

‘तुम्ही शाळेत होतात ना?’

‘हो. विज्ञान शिकवायचो.’

‘वाटलंच,’ म्हणाला आणि पिशवी उचलून गेला. डिस्क तयार ठेवतो, बोलवा म्हणाला.

एक कळ दाबून ठेवली की संगणक आपणहून विचारतो: कारखान्यातून आला तसा करू का? बोट कळीवर होते. मागे घेतले. कारखान्यातून आला तेव्हा त्यात ही नव्हती.

गुरुवार, १९ जून

शेजारणीच्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार करायला घेतला. दोनदा फसला. ही ताटाकडे बोट दाखवून गेली. नंतर पाहिले तर ताट झाकलेले.

शनिवार, २१ जून

मिळाले! सगळे मिळाले!

युक्ती सुंदर आहे. पेनड्राइव्हवर एक छोटी, स्वतंत्र प्रणाली असते. संगणकाला सांगायचे — आज तुझ्या तबकडीकडे जाऊ नकोस, या पाहुण्याच्या डोक्याने चाल. पाहुणा जागा होतो आणि तबकडीला धक्का न लावता कपाटे उघडून दाखवतो. हिचा फोल्डर जसाच्या तसा होता. दोन ठिकाणी प्रती केल्या. ‘पाणी द्या’ एकदाच वाजवले, तेही हलक्या आवाजात. स्वच्छ. मागे ना घरघर, ना घुमारा.

घुमारा नाही, याचे श्रेय कपाटाला. कपड्यांचे कपाट सताड उघडायचे आणि बोलणाऱ्याने साड्या-शालींकडे तोंड करून बसायचे. कापड प्रतिध्वनी गिळून टाकते. हिला गंमत वाटायची. एकेक वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणवून घेई: ‘सावकाश. श्वास घे. शेवटचं अक्षर खाऊ नकोस.’ मग ती फिसकन हसायची, हसतच सुटायची. एकदा चिडली: ‘अहो, पाणी मागतेय मी, परीक्षा देत नाहीये!’ असली वाया गेलेली वाक्ये मी त्या त्या संध्याकाळी पुसून टाकत असे. म्हणूनच आता निवडीचे काम फारसे उरलेले नाही.

हिला अजून काही सांगितलेले नाही. यंत्रात भरूनच ऐकवीन.

सोमवार, २३ जून

दुरुस्तीवाल्याला बोलावले. ‘झटपट फॉरमॅट करू? चालतं तेवढं.’

म्हटले, ‘पूर्ण करा. कानाकोपरा कोरा झाला पाहिजे. अर्धवट काम मला खपत नाही.’

‘वेळ लागेल, काका.’

‘लागू दे.’

त्याला चहा दिला. संगणक आता नव्यासारखा धावतो.

गुरुवार, २६ जून

बोलके यंत्र हिच्या मांडीवर ठेवले. हिने बटण दाबले. ‘पाणी द्या.’ दुसरे दाबले. ‘दुखतंय.’ मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिने ‘अहो, इकडे या’ तीनदा वाजवले आणि यंत्र बाजूला ठेवले.

पाटी: ‘ही कोण?’

‘कोण म्हणजे? तूच.’

‘ही तुमची विद्यार्थिनी. मी कुठे आहे? हसले होते, चिडले होते, ते?’

‘ते पुसलं होतं, अगं. त्यात चुका होत्या.’

तिचे डोळे एकदम चमकले. भराभर लिहिले: ‘पण तुम्हीच म्हणता ना, पुसलेलं परत काढता येतं?’

हो. मीच सांगितले होते, याच खोलीत, हातवारे करून. इमारतीखालच्या नावांच्या फळ्यावरून भाडेकरूचे नाव पुसले, म्हणजे भाडेकरू खोली सोडून गेला असे नाही. नवा माणूस सामान घेऊन आत शिरेपर्यंत जुना तिथेच राहतो. तिचे हसणे सोमवारपर्यंत तबकडीवर होते. पाहुण्याच्या डोक्याने संगणक चालत होता तेव्हाही ते होते. मी शोधले नाही, कारण मला ते नको होते. नंतर प्रत्येक खोलीत माणूस पाठवून भिंतीसुद्धा खरवडून घेतल्या.

तिला सांगितले. पूर्ण फॉरमॅट म्हणजे काय, तेही सांगितले. सवय!

तिने ऐकून घेतले. मग लिहिले: ‘मास्तर, पैकीच्या पैकी.’ आणि पाटी माझ्याकडे करून ठेवली, पुसली नाही.

शुक्रवार, २७ जून

एक साधी चाचणी आहे. साहित्य लागत नाही. डोळे मिटायचे आणि ज्या माणसाची हाक सर्वांत सवयीची, त्याला मनातल्या मनात हाक मारू द्यायची. शब्द येतोच. आवाज येतो का, ते पाहायचे.

आज सकाळी ही समोर बसलेली असताना करून पाहिली. ‘अहो’ आला. सावकाश, स्पष्ट, शेवटचे अक्षर न खाता — माझ्या आवाजात.