जास्तीची सात मीटर वायर

३ मार्च, सोमवार, सकाळ
आजपासून शिस्त. साउंडवाल्या काकांकडे कामाला लागलो. ओळख ताईची. याआधी पाच नोकऱ्या सुटल्या, त्यात माझी चूक फक्त दोनदा. फार तर तीनदा. काका म्हणाले, रविवारचा कार्यक्रम नीट पार पाड, मग कायम करतो आणि गोडाऊनवरची खोलीही तुझी. खोली मिळायलाच हवी. ताईला आठवा महिना आहे आणि मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत दिवाणावर आडवा. भावोजी काही बोलत नाहीत. फक्त रोज विचारतात, मग, काय ठरलं?

४ मार्च
काकांनी वायरी समजावल्या. साध्या वायरीतून आवाजाची लाट जाते. वायर लांबली की आवाज मंदावतो, खरखरतो. डिजिटल वायरीतून आवाजाचे आकडे जातात. पोचले तर सगळं पोचतं, नाहीतर काहीच नाही. एका बारीक काळ्या वायरीतून तर हेच आकडे उजेडाने जातात म्हणे! टोकाशी लाल ठिपका दिसतो. काका म्हणाले, हिला मुरड घालू नकोस, ओढू नकोस आणि मुख्य म्हणजे डोकं चालवू नकोस. सगळं लिहून घेणार होतो. वही आणायला खाली उतरलो तर एक जण सायकलची चेन बसवत होता. चुकीची. तासभर गेला. पण चेन बसली.

५ मार्च
वही आणली. पेन विसरलो.

६ मार्च, दुपार
हॉलवर. मिक्सरपासून रेकॉर्डर तीन मीटरवर, काळी वायर दहा मीटर. सात मीटर नुसती पायात येतेय. काका स्पीकर आणायला गेलेत. कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा.

६ मार्च, संध्याकाळ
मधली सात मीटर कापून टाकली. टोकं सोलली तर आत तांबंच नाही! नुसता प्लॅस्टिकचा दोरा. दुकानदाराने काकांना चक्क गंडवलंय. सांगून त्यांचं मन दुखवायला नको. दोरे पिळले जाईनात, म्हणून शेजारी शेजारी ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळली. जोडातून लाल उजेड झिरपतोय, म्हणजे लाइन चालू. वायर टेबलाखाली सरळसोट. डोळ्यांचं पारणं फिटलं.

७ मार्च
काकांनी हॉलचे स्पीकर वाजवून बघितले. झकास. मला विचारलं, रेकॉर्डर तपासलास? म्हटलं, हो. उद्या तपासणारच आहे.

८ मार्च
तपासायलाच निघालो होतो. वाटेत एका माणसाचं कपाट चौथ्या मजल्यावर चढवायचं होतं. एकटा काय करणार बिचारा. रेकॉर्डर कुठे पळून जात नाही.

९ मार्च, रविवार
रिटायर्ड नर्सेसचा कोरस. हॉलमध्ये आवाज खणखणीत. रेकॉर्डरचा हिरवा दिवा सारखा लुकलुकत होता, म्हणजे मशीन जोमात. मग उगाच लक्ष जायला लागलं, म्हणून दिव्यावर रुमाल टाकला.
ब्याऐंशी वर्षांच्या सिस्टर आजी आयुष्यात पहिल्यांदा एकट्या गायल्या. उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, आला ना रे माझा आवाज? लेकाला पाठवायचाय. मी गाते हे त्याला खरंच वाटत नाही. म्हटलं, आजी, एकदम क्लिअर.

१० मार्च
दीड तासाचं रेकॉर्डिंग. आवाज शून्य.
मी म्हटलं, काका, फुल व्हॉल्यूम करा, बारीक तरी असेलच. काका टेबलाखाली वाकले. चिकटपट्टी सोडवली. बराच वेळ वर आलेच नाहीत. मग म्हणाले, कापलीस ती कापलीस, पण तपासलं म्हणून कशाला सांगितलंस? उद्यापासून येऊ नकोस. आजींना फोन मात्र तूच कर.
केला. वायरच खराब होती, असं सांगणार होतो. आजीच आधी म्हणाल्या, नाही आला का? असू दे. मलाही माझं गाणं जरा कच्चंच वाटलं होतं.


११ मार्च
भावोजी सकाळी बाहेरच्या खोलीत मोजपट्टी घेऊन बसले. आज काही विचारलं नाही. पाळण्याला दीड फूट कमी पडतंय म्हणाले. मी उठलो, दिवाणाचं एक टोक धरलं, दुसरं त्यांनी. दिवाण जिन्यात नेऊन ठेवला.
आता पुरतंय.