खोलीचं कलम

३ ऑगस्ट

दादा घराचा ट्रस्ट करतोय. आणि मसुदा टाइप करायला आला तो माझ्याच टेबलावर! वकीलसाहेबांकडे पंचवीस वर्षं दुसऱ्यांची घरं टाइप केली, आज आमचं.

घर वहिनी आणि मुलांच्या हितासाठी. सांभाळणारी विश्वस्त — मी. सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "सगळं तुझ्या हाती देतोय चिमे, आता तरी खूश?" होते खूश. अकराव्या कलमापर्यंत. 'विश्वस्ताने मिळकतीचा स्वतःसाठी उपभोग घेऊ नये.' म्हणजे माझी मागची खोलीसुद्धा! कारभार सगळा माझा आणि राहायचा हक्क शून्य.

४ ऑगस्ट

कलम छापील नमुन्यातलं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. नमुना करणाऱ्याच्या घरात बिनलग्नाची बहीण नसावी.

५ ऑगस्ट

एक ओळ घुसडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. बोटं तिथवर गेली. नाही घुसडली. दादाला सांगायचीही लाज वाटते — आपल्याच तोंडाने काय मागायचं? पण उद्या भाच्यांची लग्नं झाली, खोली हवी झाली, तर मी जायचं कुठे? भीती वाटते. खरंच वाटते.

९ ऑगस्ट

साहेबांनी मसुदा दादासमोर वाचला. अकराव्या कलमावर अडले.

"बाई राहणार कुठे?"

"कुठे म्हणजे? घरातच!"

"कागद तसं म्हणत नाही."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. मग माझ्यावरच उखडला — "टाइप तूच केलंस ना? मग मूग गिळून का बसलीस?" मला रडूच फुटलं. ऑफिसात!

साहेब म्हणाले, "नमुना काही दगडावरची रेघ नाही. ज्याचं घर तसा कागद." त्यांनी सांगितलं, मी नाक पुसत टाइप केलं — बहीण विश्वस्त राहील, लाभार्थीही राहील, मागची खोली हयातभर तिची.

"स्वयंपाकघरही लिहा," दादा म्हणाला. "नाहीतर चहासाठी अर्ज करत बसेल ही."

१७ ऑगस्ट

नोंदणी झाली. शांत झोपले.

१८ ऑगस्ट

मैत्रिणीला फोन केला. आपण दोघी एकत्र राहू, असं ती दहा वर्षं म्हणतेय. दरवेळी टाळलं — एकदा खोली सोडली की परत कोण घेणार? आज म्हटलं, येते.