चुन्याखालचे हत्ती

रिठद,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय बहीण अंजना हिला शालिग्रामभाऊचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. मेथी संपत आली, वांगी अजून निघतात. तुझा गुडघा कसा आहे? तुझं केनवड इथून हाकेवर, फोन तर खिशातच. पण फोनवर तू लगेच "जाऊ दे न भाऊ" म्हणतेस आणि माझं राहून जातं. हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

मागच्या आठवड्यात नात सुप्रिया मला नागपूरला चित्रांचं संग्रहालय दाखवायला घेऊन गेली. दालनाच्या दाराशी मी चपला काढल्या. ती म्हणाली, "आबाजी, इथं नाही काढत." मी म्हटलं, "राहू दे वं," आणि अनवाणीच फिरलो. गार फरशी, कुठे आवाज नाही. आपल्या शाळेत दुपारी गुरुजी कविता म्हणायला लावत, खिडकीतून कडुलिंबाच्या मोहोराचा वास येई, तसं काहीसं झालं मला. तुझं शाळेत नाव नव्हतं अजून, तरी तू दाराशी येऊन बसायचीस. आम्ही पाखराची कविता म्हणायचो आणि तू धुळीत बोटानं ते पाखरू काढायचीस. आम्ही दुसऱ्या कडव्यावर जाईपर्यंत त्याला पंख फुटलेले असत.

पहिल्या दालनात जुनी चित्रं. हरणं, राण्या, कापडावरची मिरवणूक. खाली पाटी: चित्रकार अज्ञात. पुढच्या चित्राखाली तेच. तिथे राखणीला एक बाई होत्या, त्यांना विचारलं,

"अज्ञात म्हणजे काय वं बाई?"

"नाव माहीत नाही, बाबा."

"माहीत नाही, का कोणी सांगतलंच नाही?"

"आता ते मले काय माहीत. मी कुठं होती त्या वक्ती."

पुढचं दालन आजच्या चित्रकारांचं. तिथे प्रत्येकाचं नाव, गाव, साल. एका भिंतीवर मोठी चौकट, आत नुसतं पांढरं. मला वाटलं, चुना देऊन ठेवला आहे. "इथं कधी काढतात चित्र?" मी विचारलं. मागोमाग आलेल्या राखणीच्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "बाबा, हेच चित्र हाय."

सुप्रिया पुढे गेली. मी समोरच्या बाकावर बसून राहिलो. किती वेळ, ठाऊक नाही. पाहता पाहता त्या पांढऱ्यातून दोन हत्ती वर आले, सोंडेत माळ घेतलेले. मग केळीचे खांब. मग तो पोपट, गेरू संपला म्हणून ज्याची चोच तू कुंकवानं रंगवली होतीस.

आता लिहितो.

माझ्या लग्नात तू सोळा वर्षांची. तीन दिवस खपून तू दाराच्या दोन्ही बाजू रंगवल्यास. माझे सासरे भिंतीपुढे थांबले. म्हणाले, "कोणाचा हात हाय हा?" आणि मी म्हटलं, "रिसोडहून पेंटर आणला होता." तेवढीच शान, असं वाटलं. तू मागेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस. तांब्या दिलास, बोलली नाहीस. दिवाळीला मी भिंतीवर चुना फिरवला, तेव्हाही नाही. पुढे तुझ्या स्वतःच्या लग्नात भिंत कोरी. आईनं विचारलं, "काहून वं अंजना?" तू म्हणालीस, "पेंटर आणा." सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर तुझ्या हातात गेरू कोणी पाहिला नाही. तू राखीला येतेस, थट्टा करतेस, भाकरी बांधून नेतेस. आणि दर दिवाळीला चुना देताना माझ्या मनात एकच गोष्ट येते, की खाली कोण आहे ते मला माहीत आहे.

परतताना बसमध्ये सुप्रियाला हे सांगितलं. ती म्हणाली, "आबाजी, हे आत्याआजीले सांगतलं का कधी?"

सुप्रियाचं लग्न वैशाखात आहे. पोरं बॅनर छापू म्हणतात. मी परवा भिंतीला चुना दिला आणि कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. गेरू, नीळ आणून ठेवली आहे. गुडघा वाकत नसेल तर खालचं मी भरीन, तू बसल्या जागेवरून रागाव. आणि नसेलच यायचं, तर भिंत कोरी राहील. पेंटर येणार नाही. व्याही विचारतील तेव्हा भिंतीवर चित्र असो वा नसो, काय सांगायचं ते मी ठरवलं आहे.

चित्रकाराचं नाव ठाऊक असलेला,
तुझा भाऊ
शालिग्राम