खुंटीवरची नाचणी

"शाळा सोडून हिंडणारा मला पोर वाढवायला शिकवतोय!" असं तू सकाळी ओरडलीस, अक्का, म्हणून माझं डोकं फिरलं आणि मी भावोजींनी दिलेला बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा भिरकावला. चुकलंच माझं. पण आतून जेमतेम दोन चमचे सांडले. अव्वा आपली आई, पण तिलाही तू अर्धा डबा आहे म्हणून सांगतेस. चिन्नूला किती दिवस नुसतं पांढरं पाणी पाजतेयस? मी काय आंधळाय?

पुढचा डबा भावोजी कधी पाठवणार, ते मी विचारत नाही. तूही फोन करून रडू नकोस.

दाराआडच्या खुंटीला फडक्यात नाचणी बांधलीय, मोड आलेत. सावलीत वाळव, उन्हात नको. मोड चोळून काढ, मंद भाज, दळ आणि अव्वाच्या जुन्या साडीतून दोनदा चाळ. कोंडा राहिला तर सात महिन्यांच्या पोटाला सोसायचा नाही. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, याच्या पेजेनं हाडं भरतात.

तूही भात बाजूला सार. नाचणीचा गोळा हुलग्याच्या सारात बुडवून गीळ. "गडीमाणसांचं खाणं" म्हणून नाक मुरडू नकोस, त्याच्यावरच वाढलीस म्हणून मला बदडायची ताकद आली तुझ्यात.

अव्वा शेतावरून आली की डब्याचं विचारेल. सांग, अर्धा भरलेला होता, मादेशनं सगळा सांडला. शिव्या खायची मला सवय आहे. ऊसतोडीला नेणारा ट्रॅक्टर दारात येऊन थांबलाय, मला आता निघायलाच हवं.